एचआरसीटी स्कोअर २५ पैकी १३, पण ऑक्सिजन ९५. सासऱ्यांना ॲडमिट करावं का?

मिरजेची_सून
सासरे ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, बिडी सुटून बरीच वर्षं झाली. रविवारपासून ताप, कोरडा खोकला, अंग मोडून आलेलं. स्वॅबमध्ये एच१एन१ (स्वाइन फ्लू) निघाला. डॉक्टरांनी ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू केलं, साधा एक्स-रे काढला, घरीच राहा म्हणाले. पुण्याच्या दिरांना चैन पडेना, त्यांनी परस्पर एचआरसीटी (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन) करायला लावलं. रिपोर्टमध्ये 'सीटी सिव्हिरिटी स्कोअर १३/२५, मॉडरेट'. तेव्हापासून दीर फोनवर एकच सांगतायत, "अर्धं फुफ्फुस गेलंय, तुम्ही अजून घरात काय करताय?" बोटावरच्या मशीनवर ९५, कधी ९६. अण्णा स्वतः उठून बाथरूमला जातात, आज चहात बुडवून दोन बटरं खाल्ली. या १३ चा अर्थ काय धरायचा?

कन्सोलवाला
सरकारी रुग्णालयात सीटीच्या मशीनवर नोकरी काढली, आता निवृत्त आहे. रिपोर्ट लिहिणं रेडिओलॉजिस्टचं काम, पण हा आकडा कसा बनतो ते रोज पाहिलंय.

आधी दिरांना सांगा की १३/२५ म्हणजे ५२ टक्के फुफ्फुस नव्हे. फुफ्फुसाचे उजवीकडे तीन लोब (कप्पे), डावीकडे दोन. प्रत्येकाला ० ते ५ गुण. लोबचा ५ टक्क्यांहून कमी भाग धुरकट असेल तर १, पंचवीसपर्यंत २, पन्नासपर्यंत ३, पंचाहत्तरपर्यंत ४, त्यापुढे ५. आता हिशोब करा. पाचही लोबमध्ये फक्त ६-६ टक्के डाग असले तरी प्रत्येकी २ धरून १० होतात! अण्णांचे तीन लोब ३०-३० टक्के आणि दोन १०-१० टक्के असतील तरी बेरीज १३च, आणि खरा बाधित भाग पाव फुफ्फुसाच्या आसपास. उजवीकडचा मधला लोब एवढासा, पण त्यालाही खालच्या मोठ्या लोबइतकेच गुण. त्यात टक्का ठरवायचा नजरेनं. २४ की २७ यावर दोन रेडिओलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नाही, आणि तिथेच एक गुण वर-खाली होतो.

टेबलावरही गमती असतात. पेशंट उताणा, मशीनमधून रेकॉर्ड केलेला आवाज 'सांस रोकिए' म्हणतो आणि नेमकी तेव्हाच म्हाताऱ्या माणसाला ढास लागते. श्वास अर्धवट राहिला की पाठीकडचा भाग नीट फुलत नाही, तिथे करडं दिसतं. जाणकार रेडिओलॉजिस्ट ते ओळखतो, शंका आली तर पालथं झोपवून पुन्हा घ्यायला लावतो. फाइलींचा ढीग असताना रात्री अकरा वाजता तो ओळखेलच, याची हमी मी देणार नाही.

हा स्कोअर लोकांच्या तोंडी बसला तो कोविडमुळे. २०२१च्या एप्रिलमध्ये नातेवाईक रिपोर्टला थांबायचे नाहीत, "स्कोअर तेवढा सांगा". ३ मे २०२१ला एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांना जाहीर सांगावं लागलं की सौम्य आजारात सीटी काढू नका. (एक सीटी म्हणजे ३००-४०० एक्स-रे हा त्यांचा आकडा रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं जुना ठरवला. मलाही तो फुगलेला वाटला होता. पण सांगणं रास्त होतं.) २०२०मध्ये कोविडची साथ पसरलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावरच्या, काहीही लक्षणं नसलेल्या बाधितांचे सीटी काढले तेव्हा निम्म्याहून जास्त जणांच्या फुफ्फुसात डाग निघाले होते. ती चालती-फिरती माणसं होती.

छातीविभाग_निवासी
काकांशी सहमत. न्यूमोनियात कुणाला भरती करायचं यासाठी आम्ही कर्ब-६५ वापरतो. गोंधळल्यासारखं बोलणं, रक्तातलं युरिया वाढणं, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, वरचं बीपी ९०च्या खाली किंवा खालचं ६० वा त्याहून कमी येणं, वय ६५ किंवा वर. प्रत्येकी एक गुण. यात स्कॅनला शून्य गुण आहेत. अण्णांचा वयाचा १ पक्का, बाकीचं तपासून सांगा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, त्यांना न सांगता, नाहीतर माणूस मुद्दाम सावकाश घेतो. ऑक्सिजन ९४च्या खाली टिकून राहिला, बोलताना दम लागला किंवा उतरलेला ताप पिवळ्या बेडक्यासह परत आला (फ्लूच्या मागून जिवाणूंचा न्यूमोनिया होतो), तर सीटीचा स्कोअर ३ असला तरी लगेच दवाखाना गाठा. मधुमेह आहे म्हणून साखरही रोज बघा.

सांगलीकर७४
उलटंही होतं हं. २०२१मध्ये आमच्या मामांचा स्कोअर ६ आला, सगळे निर्धास्त. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ८७. तेव्हा कळलं की सीटी ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलेलं.

कन्सोलवाला
@सांगलीकर, तेच तर. कोविडमध्ये डाग साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त दिसायचे. पहिल्या दोन दिवसांत कित्येकांचं सीटी कोरं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी तारीख बघायची, मग आकडा. आणि डाग थोडे पण ऑक्सिजन फार कमी, असं असेल तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. ती साध्या एचआरसीटीत दिसत नाही, त्यासाठी शिरेतून औषध देऊन वेगळं स्कॅन करतात.

मिरजेची_सून
श्वास मोजले, मिनिटाला २०. बीपी १३४/८०, बोलणं एकदम ताळ्यावर, सकाळी वीजबिलावरून माझ्याशी भांडले. युरिया उद्या कळेल. स्कॅन सेंटरवाले मात्र म्हणाले, आठवड्यानं परत काढा, सुधारणा कळेल. काढू का?

कन्सोलवाला
तब्येत सुधारत असेल तर नको. माणूस बरा होतो आणि फुफ्फुसातले डाग मागे रेंगाळतात; आठवड्यानं स्कोअर तेवढाच दिसला तर दीर पुन्हा फोन करतील. बिडी ओढलेली आणि वय बघता सहा आठवड्यांनी साधा एक्स-रे काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. युरिया आला की इथे टाका, निवासी डॉक्टर बघतील.