मदत हवी आहे: ड्राय इलेक्ट्रोडवरचं चांदीचं कोटिंग टिकत नाहीये

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीचा. मित्रासोबत छातीवर बांधायचा ईसीजी पट्टा बनवतोय, वयस्कर माणसांना दिवसभर घालता येईल असा. दवाखान्यातले जेलवाले चिकट इलेक्ट्रोड सिग्नल मस्त देतात पण तासन् तास ठेवले की जेल सुकतं, नाजूक कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात, म्हणून ड्राय, म्हणजे बिनजेलचेच हवेत.

टीपीयूच्या (रबरासारखं प्लास्टिक) लवचिक तुकड्यांवर चांदीचं स्पटरिंग (व्हॅक्यूममध्ये धातूचा पातळ थर बसवणं) करून घेतलं, साधारण २०० नॅनोमीटर. दिसतं आरशासारखं, पण सेलोटेप लावून ओढली की कडेची चांदी टेपवर येते आणि तुकडा वाकवला की भिंगातून बारीक भेगा दिसतात, मग रेझिस्टन्स वाढतो नि स्क्रीनवरची रेघ डोलायला लागते. चांदी घट्ट धरावी म्हणून तिच्याखाली आधी ५-१० नॅनोमीटर टायटॅनियम द्यावं का, की टीपीयूच्या पृष्ठभागाला नुसती प्लाझ्मा ट्रीटमेंट (तापलेल्या नव्हे, विद्युतभारित वायूने पृष्ठभाग तयार करणं) पुरेल? घामाने चांदी काळी पडते त्याचं काय करता? वरून सिल्व्हर क्लोराइडचा थर दिला तर सिग्नल स्थिर राहतो, पण रोजच्या घासण्याने तो किती टिकेल? की चांदी सोडून सरळ टायटॅनियम नायट्राइडकडे (वीज वाहणारा कठीण थर) वळू? सोनं परवडत नाही आणि निकेल नकोच, त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते.

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटला छोटा लॉट घेणारं, टीपीयू तापून वाकणार नाही इतक्या कमी तापमानाला कोटिंगचं काम करणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा, सँपल घेऊन लगेच येतो.