प्रतिसाद: भक्तीसाठी घराबाहेरच पडावे लागते का?

आपण म्हणता की संसाराच्या धावपळीत श्रद्धेला जागा उरत नाही आणि प्रेरणा शोधायला घराबाहेरच पडावे लागते. माझा अनुभव मात्र वेगळा आहे.

आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मलप्रभा नदीच्या काठी. आषाढी एकादशी भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत येते. त्यामुळे पंढरपूरला दरवर्षी जाणे जमत नाही, आणि दिवसभर चिखलात वाकून रोपे लावल्यावर आई संध्याकाळी देवापुढे हरिपाठ म्हणते, तीच आमची वारी. माझी पत्नी कानडी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला हरिपाठातले फारसे कळत नसे, पण ती कानडी संतकवी पुरंदरदासांची पदे ऐकत वाढलेली होती, आणि त्या पदांच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही कवीची नाममुद्रा आली की आईचे हात आपोआप जोडले जात. आता हरिपाठ संपल्यावर आईच "तुझं ते म्हण" असे सांगते आणि वाती वळता वळता कानडी शब्दांचा अर्थ विचारून घेते. (सीमाभागात भाषेवरून पुष्कळ कटुता आम्ही पाहिली आहे, म्हणून हे मला फार मोलाचे वाटते.)

गेल्या पावसाळ्यात पत्नी तापाने फणफणली होती. साठी उलटलेल्या आईने पेजेची वाटी तिच्या ओठांशी धरली आणि अडखळत म्हणाली, "स्वल्प ऊटा माडव्वा." थोडे जेव गं. घरात आईच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले कानडी वाक्य. पत्नीने रडत रडत सगळी पेज संपवली.