शब्दचर्चा : जोखीम नुसती 'असते', की कोणीतरी 'उचलते'?

रावपुऱ्याची :

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी इंग्रजी मजकूर मराठी आणि गुजरातीत करून देते. सध्या हातात गृहकर्जाचं ॲप आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार कर्जाच्या मुख्य अटींचं विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं आणि ते त्याला समजावूनही सांगावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून हे सक्तीचं आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांचं काम वाढलंय, आणि माझ्या मते ते मोलाचं काम आहे.

अडलेय एका वाक्यावर. व्याजदर पुढे वाढला तर त्याचा भार कर्जदारावर पडेल, एवढंच सांगायचं आहे. मी लिहिलं, 'व्याजदर बदलण्याची जोखीम कर्जदाराची राहील.' वरिष्ठ म्हणाले, जोखीम पुस्तकी वाटतं, रिस्क लिहा. गंमत म्हणजे आमच्या घरात जोखीम हा रोजचा शब्द आहे. लग्नाला निघताना आजी हमखास बजावते, "अंगावर जोखीम आहे, एकटी रिक्षात बसू नकोस." तिच्यासाठी जोखीम म्हणजे पाटल्या आणि गोफ. शेजारच्या गुजराती काकीही दागिन्यांना 'जोखम'च म्हणतात. मग जोखीम ही वस्तू, की परिस्थिती? आणि तिच्यासोबत क्रियापद कोणतं लावावं?

मांडवीचा पेढीवाला :

ताई, तुमची आजी बरोबर बोलते. दोन्ही अर्थ जुने आहेत आणि एकातून दुसरा निघाला आहे. जी मौल्यवान चीज हरवली तर कोणाला तरी भरून द्यावी लागेल, ती जोखीम. तिचं भय, तीही जोखीम.

व्युत्पत्ती पाहिली तर आनंद वाटेल. हा शब्द संस्कृत 'योगक्षेम'पर्यंत नेला जातो. नसलेलं मिळवणं तो योग, मिळालेलं सांभाळणं तो क्षेम. मनुस्मृतीत व्यापाऱ्यावर कर बसवताना खरेदी, विक्री, वाटेचं अंतर, खाण्यापिण्याचा खर्च यांच्याबरोबर योगक्षेमही विचारात घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे माल सुखरूप पोचवण्याचा भार. आणि आयुर्विमा महामंडळाचं बोधवाक्य आठवा, गीतेच्या नवव्या अध्यायातलं 'योगक्षेमं वहाम्यहम्'. तुम्ही क्रियापद विचारलंत ना? ते तिथेच आहे. वहामि. मी वाहतो.

आमचे आजोबा मांडवीत एका सराफी पेढीवर मुनीम होते. हुंडी म्हणजे 'अमक्याला इतके पैसे द्या' असं लिहिलेला व्यापाऱ्यांचा कागद. आजोबांच्या तोंडून हुंडीचे प्रकार लहानपणी इतक्यांदा ऐकले की पाढ्यांसारखे पाठ झाले. दर्शनी, मुदती, धनीजोग, शहाजोग, जोखमी. यातल्या शेवटच्या दोन तुमच्या कामाच्या आहेत.

जोखमी हुंडी अशी. समजा एकाने भरूचहून गलबतात कापूस भरला आणि माल घेणाऱ्यावर हुंडी लिहिली. ती हुंडी त्याने तिसऱ्याला विकली आणि पैसे लगेच हातात घेतले. माल पोचला तर तिसऱ्याला हुंडीची पूर्ण रक्कम मिळणार. गलबत बुडालं तर त्याचे पैसे गेले, कोणाकडे मागायची सोय नाही. ही जोखीम घ्यायची म्हणूनच तो हुंडी कमी भावात घ्यायचा. हुंडी आणि विमा एकाच कागदावर. कागदाच्या नावातच जोखीम, आणि ती कोणाच्या डोक्यावर हे बाजारातल्या पोऱ्यालाही ठाऊक.

आता शहाजोग. ही हुंडी कोणाही वाटसरूला वटवता येत नसे. बाजारात पत असलेल्या शहालाच पैसे मिळत. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर ज्या शहाने पैसे घेतले त्यालाच ते व्याजासकट परत करावे लागत. 'मला काय ठाऊक' हे उत्तर चालत नसे, कारण चौकशी करणं हेच त्याचं शहापण.

आज मराठीत 'शहाजोग' कोणाला म्हणतात? करून सवरून साळसूदपणे बसणाऱ्याला. 'शहाजोगपणाचा आव' म्हणतो आपण. ज्याने भरपाई करायची त्याचं नाव आता जबाबदारी झटकणाऱ्याला चिकटलं आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं.

अकोट्याहून :

रिस्कला एवढं दूर ढकलू नका. तीस वर्षं कारखान्यात काढली. 'रिस्क घेऊ नको' हे आमच्या पाळीतला प्रत्येक जण म्हणायचा, मराठी, गुजराती, उत्तरेकडचा, सगळे. वाचणाऱ्याला कळणं महत्त्वाचं.

रावपुऱ्याची :

काका, मान्य. 'रिस्क घेऊ नको' मलाही खटकत नाही, कारण तिथे घेणारा आहे. मला बोचतं ते 'यात रिस्क आहे'. कोणाची, ते वाक्यात कुठेच नाही. अर्थात 'यात जोखीम आहे' असं लिहिलं तरी तोच दोष राहतो. म्हणजे भांडण शब्दाशी नसून क्रियापदाशी आहे, हे पेढीवाल्या काकांनी लिहिलेलं वाचताना लक्षात आलं.

न्यायमंदिरातून :

वकील आहे, थोडी भर घालते. गहाण, तारण आणि जामीन हे तीन शब्द लोक सरमिसळ वापरतात, आणि तुमच्या ॲपमध्ये तिन्ही येणार.

गहाण हा 'ग्रहण'वरून आला, धरून ठेवणं. गुजरातीत 'गीरो', इथले मराठी लोकही 'घर गीरो टाकलं' सर्रास म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५८ व्या कलमात गहाणाचे सहा प्रकार आहेत. आपल्या गृहकर्जात बहुतेक वेळा मालकीची मूळ कागदपत्रं बँकेकडे ठेवून गहाण होतं, घराचा ताबा आपल्याकडेच राहतो. जुन्या मराठी दस्तांत ताबा दिला तर कबजेगहाण आणि न दिला तर नजरगहाण असे सुटसुटीत शब्द होते. नजरगहाण ऐकताच कळतं, वस्तू तुझ्याकडे, नजर माझी.

तारण म्हणजे तारणारं. पण कोणाला? कर्ज देणाऱ्याला. कर्जदाराला अनेकदा उलट वाटतं, 'तारण दिलंय, म्हणजे मी सुरक्षित.' असे अशील माझ्यासमोर येऊन बसतात. तेव्हा स्क्रीनवर नुसतं 'तारण : घर' लिहू नका. 'कर्ज न फिटल्यास बँक हे घर विकून वसुली करू शकते' असं पूर्ण वाक्य लिहा. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली खातं थकीत ठरल्यावर बँक साठ दिवसांची नोटीस देते आणि नंतर कोर्टात दावा न लावताही ताब्याची कारवाई सुरू करू शकते. हे सही करण्याआधी कळायला हवं.

जामीनदाराबद्दल एकच सांगते. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. 'फक्त सही आहे' असा प्रकार नसतो.

रावपुऱ्याची :

वकीलताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. भावाच्या घरकर्जाच्या वेळी आईने सही केली. तिला सांगितलं होतं, "माजी, नुसती साक्षीची सही आहे." दोन वर्षांनी हप्ता चुकला तेव्हा तिला पत्र आलं, त्यावर तिच्या नावापुढे 'सहकर्जदार' होतं. मी तिला घेऊन शाखेत गेले. समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाला, "बघा ना, सिस्टीमने तसंच घेतलंय." आईने विचारलं, "पण सांगणारा कोण होता?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हप्ते भावाने भरले, प्रकरण मिटलं. 'सिस्टीमने घेतलंय' हे वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. आपण रोज बोलतो, 'अर्ज रिजेक्ट झाला', 'कर्ज पास झालं'. केलं कोणी, ते वाक्यात नसतंच.

गोत्रीचा कोडकरी :

रावपुऱ्याच्या ताई, मी ती सिस्टीम लिहिणाऱ्यांपैकी आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

अमेरिकेत घरकर्जाची छाननी संगणकाकडे गेली ती १९९५ च्या सुमारास. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन संस्थांनी आपापली छाननीची सॉफ्टवेअर तेव्हा आणली. त्यात वेग होता, आणि कारकुनाचे पूर्वग्रह कमी होण्याची आशाही होती. पुढे कर्ज देणारा ते स्वतःकडे ठेवीनासा झाला. अनेक कर्जं एकत्र बांधायची, त्यांचे रोखे करायचे आणि विकायचे. ज्याने कर्जदाराचा चेहरा पाहिला त्याने दलाली घेऊन जोखीम पुढे सरकवली, घेणाऱ्यानेही पुढे. पेढीवाले काका, तुमच्या शहासारखं मागे वळून 'व्याजासकट परत कर' म्हणण्याची रीत या साखळीत फार दुबळी होती. कर्जं बुडू लागली, आणि सप्टेंबर २००८ मध्ये ७ तारखेला फॅनी आणि फ्रेडी सरकारने देखरेखीखाली घेतल्या, १५ तारखेला लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली.

२०१० मध्ये तर आणखी एक गोष्ट उघड झाली. घरं जप्त करण्यासाठी कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवर माणसं न वाचता हजारोंनी सह्या करत होती. त्याला नाव पडलं रोबो-सायनिंग. मला त्या नावाचा राग येतो. सह्या रोबोने केल्याच नव्हत्या, माणसांनी केल्या होत्या. शब्दाने दोष यंत्रावर ढकलला. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

आता पेटंट, कारण जोखमीचा तिथेही संबंध आहे. अमेरिकेत सॉफ्टवेअर आणि धंद्याच्या रीतींच्या पेटंटांना १९९८ च्या एका निकालाने दार उघडलं. ते बऱ्याच अंशी आवळणारे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल, २०१० चा बिल्स्की आणि २०१४ चा ॲलिस, दोन्ही जोखमीबद्दल आहेत. पहिल्यात ऊर्जेच्या भावातल्या चढउतारापासून बचाव करण्याची रीत होती. दुसऱ्यात, व्यवहारात एकाने आपला वाटा दिला आणि दुसऱ्याने पाठ फिरवली तर काय, म्हणून मध्ये तिसरा बसवायचा आणि हिशेब संगणकाने ठेवायचा. न्यायालय म्हणालं, मध्यस्थ ही जुनी कल्पना आहे, संगणकावर चढवल्याने ती शोध होत नाही. मांडवीतला कोणताही दलाल हेच म्हणाला असता. जोखीम वाटून घ्यायची रीत कोणाच्या एकट्याच्या मालकीची होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहे. गणिती किंवा धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि संगणक आज्ञावली 'पर से' ही शोध मानली जात नाहीत. २००४ च्या वटहुकमाने हे सैल केलं होतं, २००५ मध्ये संसदेने ती सैल केलेली तरतूद वगळली. या 'पर से'ला मराठी काय? मी 'निव्वळ' म्हणतो.

शासकीय मराठीत पेटंटला 'एकस्व' आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उघडं, राजाचं सर्वांनी वाचावं असं उघडं पत्र. शोध जगापुढे उघड करायचा, त्या बदल्यात काही काळ हक्क. 'एकस्व'मध्ये मालकी उरली, उघडं करणं गेलं. 'सनद' जास्त जवळचा वाटतो.

न्यायमंदिरातून :

'निव्वळ' छान, पण कायद्यात 'केवळ आज्ञावली म्हणून' जास्त नेमकं. आज्ञावलीशी आणखी काही जोडलेलं असेल तर दार बंद नाही, हे त्यातून कळतं. 'सनद' मात्र नको. आम्हा वकिलांची सनद वेगळी, घोटाळा होईल.

अकोट्याहून :

सगळा दोष कर्ज देणाऱ्यांवर टाकू नका एवढंच सांगतो. ऐपतीबाहेर उडी मारणारे घेणारेही होते. माझ्या ओळखीत आहेत.

मांडवीचा पेढीवाला :

असतील. पण एक गंमत नाही, दुःख सांगतो. घेणाऱ्यासाठी आपल्याकडे किती शब्द: कर्जबाजारी, कर्जबुडव्या, उधळ्या, दिवाळखोर. न जोखता कर्ज वाटणाऱ्यासाठी एक तरी आहे? सावकार म्हटलं की पिळणारा आठवतो, निष्काळजी नव्हे. आजोबा अशा पेढीबद्दल म्हणायचे, "तिथे तराजू नाही." अमेरिकेला २०१० मध्ये कायदा करून सांगावं लागलं की कर्ज देण्याआधी घेणाऱ्याची फेडण्याची ऐपत तपासा. जोखणं हे देणाऱ्याचं काम आहे, कारण तराजू त्याच्याच हातात असतो. (जोखणे आणि जोखीम यांचं मूळ मात्र एक समजू नये.)

शिवाय हे शहर अशा कामाचंच आहे. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांचा कोश करवला, १९३१ मध्ये तो निघाला. इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, फारसी असे पर्याय. तुम्ही स्क्रीनवर करता ते तेच काम आहे, ताई.

रावपुऱ्याची :

सगळ्यांचे मनापासून आभार. आज असं पाठवलं :

'व्याजदर वाढल्यास वाढलेला हप्ता किंवा वाढलेली मुदत कर्जदाराला सोसावी लागेल. ही जोखीम कर्जदार उचलतो.'

त्याखाली, 'कर्ज न फिटल्यास बँक हे घर विकून वसुली करू शकते.'

आणि मंजुरीच्या स्क्रीनवर 'कर्ज मंजूर झाले आहे' होतं, तिथे 'आम्ही आपले कर्ज मंजूर केले आहे' केलं. वरिष्ठांनी विचारलं, हे 'आम्ही' कोण? म्हटलं, ज्यांचं नाव वर छापलंय ते. दोन वाक्यं मान्य झाली, हे तिसरं अजून वर अडलंय.

गुजराती मजकुरात 'जोखम उपाडवुं' (उचलणं) चालेल, की 'वहोरवुं' (ओढवून घेणं) जास्त बरोबर? इथलं कोणी सांगेल का, सोमवारी तोही द्यायचा आहे.