शब्दचर्चा : जिप्सी, रोमा, भटके आणि आपला भामटा

भाषांतरी :
मंडळी, एका शब्दावर अडलेय. युरोपातल्या रोमा वस्त्यांवरचा लेख एका मासिकासाठी मराठीत करतेय. मी सगळीकडे ‘रोमा’ लिहिले होते. संपादकांनी पहिल्या पानावर त्याचे ‘जिप्सी’ केले, पुढे ‘भटके लोक’, आणि शेवटी चक्क ‘युरोपातले बंजारे’. रोमा म्हटले की वाचकाला रोम शहर आठवते, असे त्यांचे म्हणणे. काय ठेवावे?

नगरकर :
जिप्सीच ठेवा की. मराठीत त्या शब्दाला कसलाच वाईट वास नाही. एका जागी पाय न ठरणारा माणूस, नाहीतर ताडोबात वाघ दाखवायला नेते ती मारुती. दोन्ही निरुपद्रवी.

वाटसरू :
आपल्याला वास येत नाही, कारण नाव आपले नाही. हे लोक इजिप्तहून आले अशी युरोपची समजूत होती, त्या ‘इजिप्शियन’ची झीज होऊन जिप्सी झाले. इंग्रजीत त्यावरून ‘जिप करणे’ म्हणजे फसवणे हे क्रियापदही निघाले. जर्मन ‘त्सिगॉयनर’ वेगळ्या मुळाचा. तो बायझंटाइन ग्रीकमधल्या एका पाखंडी पंथाच्या नावाशी जोडतात. म्हणजे एक नाव चुकीच्या पत्त्यावरून पडले आणि दुसरे उसन्या शिवीवरून.

आणि त्सिगॉयनर काही नुसता बोलण्यातला शब्द राहिला नाही. आउश्वित्झ-बिर्केनाऊ या नाझींच्या छळछावणीत या लोकांना ठेवले त्या विभागाचे नावच ‘त्सिगॉयनर-लागर’ होते. हातावर क्रमांक गोंदायचे, त्याच्या आधी ‘झेड’, म्हणजे त्सिगॉयनरचे पहिले अक्षर. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तो विभाग रिकामा केला आणि उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना गॅसने मारले. म्हातारे, बाया, पोरे. पुढचे ऐका. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की १९४३ पूर्वीची यांची धरपकड वंशद्वेषातून नव्हती, ती गुन्हेगारी रोखण्यासाठी होती. त्यामुळे कित्येकांची भरपाई बुडाली. तो वंशसंहार होता हे सरकारने मान्य केले १९८२ मध्ये. जर्मनीत आज ‘सिंती आणि रोमा’ म्हणतात. सिंती हा जर्मन भाषक प्रदेशात फार पूर्वीपासून राहणारा यांच्यातलाच गट, त्यांना सरसकट रोमा म्हटलेले आवडत नाही, तेवढे लेखात सांभाळा.

आता रोमा. त्यांच्या भाषेत ‘रोम’ म्हणजे त्यांच्यातला पुरुष, नवरासुद्धा. बाई ती ‘रोम्नी’, अनेकवचन ‘रोमा’. रोम शहराशी याचा संबंध नाही आणि रोमानिया देशाच्या नावाशीही नाही. पहिल्याच परिच्छेदात एक ओळ टाका, वाचक एवढा काही मठ्ठ नसतो.

‘भटके’ मात्र साफ काढा. बहुसंख्य रोमा पिढ्यानपिढ्या एका जागी राहतात. वालाखिया आणि मोल्दाविया, म्हणजे आजच्या रोमानियाचा बराच भाग, तिथे ते शतकानुशतके गुलाम होते. मठांचे, सरदारांचे आणि राज्याचे. ती गुलामी १८५५-५६ मध्ये संपली. गुलाम कुठे भटकणार? जे भटकताना दिसले त्यांतल्या पुष्कळांना गावाने टिकू दिले नव्हते. आयर्लंडचे ‘ट्रॅव्हलर’ हा तर आणखी निराळा समाज. ते रोमा नाहीत, त्यांना तिथल्या सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र वांशिक गट मानले.

ओवी :
बंजाऱ्यांचे काय पण? आमच्याकडे मेळाव्यात दरवेळी कोणीतरी सांगतेच की रोमा आपलेच.

वाटसरू :
भाषा इकडचीच, त्यात शंका नाही. पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान, माणसाला मनुष. दोन, तीन, पाच म्हणजे दुई, त्रिन, पांज. ‘रोम’ हा ‘डोम’ या इकडच्या जातीच्या नावापासून आला असे भाषातज्ज्ञ मानतात. आर्मेनियाकडे त्याचे ‘लोम’ झाले, पश्चिम आशियात ‘डोम’ तसाच राहिला. आपला डोंबारी त्याच शब्दाच्या गोतावळ्यातला. पण तेवढ्यावरून हजार वर्षांपूर्वी गेलेल्या लोकांना आजच्या एका जातीचे नाव देता येत नाही. ‘युरोपातले बंजारे’ नको.

ओवी :
डोंबारी निघालाच म्हणून सांगते. आपण त्सिगॉयनरला नावे ठेवतोय आणि आपल्या पेपरात रोज ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’. मी शाळेत शिकवते. वर्गात ही बातमी वाचून घेतली, तेव्हा एक मुलगा मान खाली घालून बसला. त्याच्या जातीच्या दाखल्यावर ‘राजपूत भामटा’ लिहिलेय. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीतले नाव आहे ते. आता मी ‘ठकसेन’ नाहीतर ‘लुबाडणारा’ म्हणते. बाकी ‘कैकाडणीसारखी भांडते’, ‘काय डोंबाऱ्याचा खेळ लावलाय’ हे तर आपण जेवताजेवता बोलतो.

नगरकर :
ताई, मग अर्धी मराठी गुंडाळून ठेवावी लागेल. भामटा म्हणताना कोणाच्या डोक्यात जात असते? आणि रागावू नका, गावाबाहेर पाल पडले की चोऱ्या होतात हे आमच्या आजोबांपासून ऐकलेय. धुराखाली कुठेतरी विस्तव असेलच ना?

ओवी :
अहो, दाखला हातात असलेल्याच्या डोक्यात असते ना जात! उपायही सोपा नाही, हे मान्य. या नावातून ‘भामटा’ काढायची घोषणा २०२३ मध्ये झाली, तेव्हा विमुक्त-भटक्यांनीच विरोध केला. शब्द गेला की कोणीही राजपूत सवलतीत घुसेल, ही भीती. शिवी नको, पण तीच शिवी आरक्षणाचे कुंपण.

विस्तवाचे म्हणाल तर तो कायद्याने पेटवला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यात जन्माला येणे हाच गुन्हा. नाव नोंदवा, पोलिसांकडे हजेरी द्या, गाव सोडायचे तर परवानगी काढा. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसे ठेवली, आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द तिथल्या पत्त्यांत अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती यादी रद्द झाली, म्हणून ‘विमुक्त’. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की पोलीस पहिले पालावर जातात ते आजही. मग आजोबा ऐकणार काय?

वाटसरू :
फ्रान्समध्ये १९१२ साली अगदी हाच प्रकार. फिरत्या लोकांना एक वही दिली, तिच्यात शरीराची मापे आणि बोटांचे ठसे. गावात शिरताना-निघताना शिक्का घ्यायचा. पुढे वहीचे रूप बदलत गेले, शेवटचे फिरतीचे दाखले रद्द झाले २०१७ मध्ये.

आणि नगरकर, धुराबद्दल. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधल्या एका रोमा वस्तीत सोनेरी केसांची लहान मुलगी सापडली. पळवलेलीच असणार, म्हणून जगभर बातम्या. डीएनए तपासला तर तिचे जन्मदाते बल्गेरियातले रोमाच निघाले. पण तोवर आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा कुटुंबांतली गोरी मुले उचलून नेली होती. तीही त्यांच्याच आईबापांची ठरली, परत दिली. मार्च २०१९ मध्ये पॅरिसच्या उपनगरांत अफवा उठली की पांढऱ्या व्हॅनमधून मुले पळवतात. व्हॅन नव्हती, पळवलेले मूल नव्हते, रोमांना मार मात्र खरा बसला.

नगरकर :
हे वाचून राईनपाडा आठवले.

ओवी :
मलाही. १ जुलै २०१८, साक्री तालुका, रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मोबाइलवर फिरत होते ‘मुले पळवणारी टोळी’. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारले. शब्द म्हणून ‘टोळी’कडेही बघा. वारकऱ्यांची दिंडी, नोकरदारांचा ग्रुप, पालावरची माणसे चार असली तरी टोळी.

भाषांतरी :
लेखात ‘टोळी’ दोनदा होती, ‘कुटुंबे’ केली. ‘रोमा’ ठेवतेय. ‘त्सिगॉयनर’ आणि ‘जिप्सी’ जिथे दुसऱ्याच्या तोंडी किंवा सरकारी कागदात आहेत तिथे अवतरणात तसेच, नाहीतर शिवी कोणी दिली ते कळणार नाही. एकच उरलेय. रोमा लोक आपल्यासारख्या बाहेरच्यांना ‘गाजो’ म्हणतात. त्याला ‘परका’ लिहू का?

ओवी :
‘परका’ फिका आहे. आमच्या शेजारच्या तांड्यावर स्वतःला ‘गोर’ आणि आम्हाला ‘कोर’ म्हणतात. ‘कोर आलाय’ म्हटले की आधी बोलणे थांबते, मग पाणी विचारतात. गाजो तसाच ठेवा आणि अर्थ तळटिपेत द्या.