जीवसृष्टीची सुरुवात: आटणारं डबकं की समुद्रतळ?

कातळफूल

शाळेच्या पुस्तकात मिलर आणि युरी यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपण सगळ्यांनी वाचलाय. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचपात्रात घेतली, विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि अमिनो आम्लं मिळाली. त्यानंतर पुस्तक एकदम पहिल्या पेशीवर येतं. मधलं काहीच नाही. मला बोलायचंय ते त्या मधल्या भागाबद्दल.

हल्ली बऱ्याच लेखांत ठामपणे सांगतात की जीव खोल समुद्रात, उष्ण झऱ्यांपाशी सुरू झाला. मला ते पटत नाही. अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जाऊन प्रथिन होतं, न्यूक्लिओटाइड नावाचे घटक जोडले जाऊन आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच माहिती साठवणारा साखळीरेणू. अशा प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर तो बाहेर पडायचा कसा? उलट, बसलेला जोड सुटण्याकडेच कल राहणार. आपल्या पेशी हे काम पाण्यातच करतात खऱ्या, पण ऊर्जा खर्चून आणि एन्झाइमांच्या, म्हणजे अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने. पहिल्या पेशीच्या आधी एन्झाइम होती कुठे?

म्हणून माझं मत जमिनीवरच्या डबक्याला. ज्वालामुखीच्या उतारावर गरम झऱ्याचं पाणी साचतं, आटतं, पुन्हा भरतं. आटताना रेणू दाटीने जवळ येतात, पाणी निघून जातं आणि जोड बसतात. पुन्हा भरताना मेदाम्लांच्या पापुद्र्यांतून पोकळ पुटिका, म्हणजे बारीक फुगे, तयार होतात आणि त्यांत या साखळ्या अडकतात. डेव्हिड डीमर आणि ब्रूस डेमर हे संशोधक हेच मांडत आलेत. शिवाय २००९ मध्ये जॉन सदरलँड यांच्या गटाने आरएनएच्या चारपैकी दोन न्यूक्लिओटाइड साध्या रेणूंपासून बनवून दाखवले. त्या कृतीत अतिनील प्रकाश लागतो, आणि तो समुद्रतळाशी पोचत नाही.

खोलदर्या

पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. समुद्रतळ म्हटलं की डोळ्यांसमोर साडेतीनशे अंशांचं काळं पाणी ओकणाऱ्या, धुराड्यांसारख्या चिमण्या येतात. मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. २००० साली अटलांटिक महासागराच्या तळाशी ‘लॉस्ट सिटी’ ही वेगळ्या प्रकारच्या झऱ्यांची जागा सापडली. तिथलं पाणी साधारण ४० ते ९० अंशांचं आणि अल्कधर्मी आहे, सामू (पीएच) ९ ते ११. तळाच्या खडकातलं ऑलिव्हिन हे खनिज समुद्राच्या पाण्याशी अभिक्रिया करतं आणि त्यातून सतत हायड्रोजन निघतो. चिमणीच्या भिंतींत सूक्ष्म कप्पे असतात.

आता मूळ प्रश्न. आजची जवळपास प्रत्येक पेशी पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचं (हायड्रोजनच्या धनभारित कणांचं) प्रमाण कमीजास्त ठेवते आणि त्या फरकावर ऊर्जा कमावते. जीवाणू असो वा माणूस, पद्धत एकच. इतकी विचित्र पद्धत सर्वत्र कशी? चार अब्ज वर्षांपूर्वीचा समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे काहीसा आम्लधर्मी, म्हणजे जास्त प्रोटॉन असलेला, होता आणि झऱ्याचं पाणी अल्कधर्मी. मध्ये खनिजाची पातळ भिंत. म्हणजे हा फरक आयता तयार होता. मायकल रसेल, विल्यम मार्टिन आणि निक लेन या संशोधकांचं म्हणणं हेच. डबक्यात साखळ्या होतीलही, पण ऊर्जेचा अखंड पुरवठा कुठून आणणार?

२०१६ मध्ये मार्टिन यांच्या गटाने सर्व सजीवांच्या शेवटच्या सामाईक पूर्वजाकडे जाणारी ३५५ जनुककुटुंबं शोधली. त्यांवरून तो पूर्वज हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारा, उष्णता सोसणारा दिसतो.

कातळफूल

पण तो पूर्वज म्हणजे पहिला जीव नव्हे! २०२४ च्या एका अभ्यासानुसार तो सुमारे ४.२ अब्ज वर्षांपूर्वीचा आणि सुमारे २,६०० प्रथिनांची माहिती बाळगणारा असावा. म्हणजे चांगलाच प्रगत. तो समुद्रतळाशी राहत असेलही, पण त्याचे पूर्वज तिथेच जन्मले असं त्यातून निघत नाही.

आणि समुद्रातल्या क्षारांचं काय? कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं की साध्या मेदाम्लांच्या पुटिका फुटतात.

खोलदर्या

एकाच प्रकारचं मेदाम्ल घेतलं तर फुटतात. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वेगवेगळ्या लांबीची मेदाम्लं आणि अल्कोहोलं मिसळून पाहिली, तेव्हा खाऱ्या, गरम, अल्कधर्मी पाण्यातही पुटिका टिकल्या. निसर्गात मिश्रणच असणार, शुद्ध द्रव्य नाही. तुमच्या अतिनील प्रकाशाचंही तसंच: ओझोनचा थर नसताना तोच प्रकाश तयार झालेले रेणू तोडतही होता.

वाटेवरचा

दोघांचंही वाचलं. पण एका प्रथिनातली शंभर अमिनो आम्लं नेमक्या क्रमाने योगायोगाने जुळण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. यामागे कुणाची तरी योजना असणार, असं मला मनापासून वाटतं.

सुमेधा

वाटेवरचा, योजनेवरच्या तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण हे गणित वेगळ्या गोष्टीचं आहे. आख्खं प्रथिन एका फटक्यात जुळलं असं इथे कुणीच म्हणत नाही. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए स्वतःच उत्प्रेरक होऊ शकतो. त्यांना १९८९ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. आजही रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत, अमिनो आम्लं जोडण्याचं काम आरएनएच करतो. एखादी छोटी साखळी स्वतःच्या चुकतमाकत प्रती काढू लागली की निवड सुरू होते, आणि मग प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी राहते.

निरभ्र

सगळे पृथ्वीलाच धरून बसलेत. जीव बाहेरून, अवकाशातून आला असेल तर? पृथ्वी ४.५४ अब्ज वर्षांची आणि सामाईक पूर्वज ४.२ अब्ज वर्षांचा, तर मधला वेळ पुरेसा आहे का? १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत सत्तरहून अधिक अमिनो आम्लं सापडली. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यात, आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक निघाले. मंगळावरून आलेल्या एएलएच ८४००१ या अशनीचा गाभा प्रवासात ४० अंशांपलीकडे तापलाच नव्हता. म्हणजे आत जीवाणू असता तर उष्णतेने मेला नसता. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने इस्रोच्या बलूनमधून वातावरणात खूप उंचावरची हवा गोळा केली, त्यातही नव्या जातींचे जीवाणू मिळाले.

सुमेधा

नारळीकरांबद्दल मला अतिशय आदर आहे, म्हणूनच नेमकं सांगते. त्या जीवाणूंचा उगम पृथ्वीबाहेरचा असल्याचं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोनेच २००९ च्या निवेदनात म्हटलं होतं. पृथ्वीवरच्या जातींचे ते जवळचे नातेवाईक आहेत.

बेन्नूवरची अमिनो आम्लं डाव्या आणि उजव्या (एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या) रचनेची, जवळपास सारख्या प्रमाणात आहेत. सजीवांच्या प्रथिनांत मात्र डावीच असतात. म्हणजे तिथे दिसतं ते निर्जीव रसायनशास्त्र. कच्चा माल आकाशातून आला हे मी आनंदाने मान्य करते. जीव आला, हा वेगळा दावा आहे.

निरभ्र

मान्य, अजून थेट पुरावा नाही. पण प्रश्न नुसता दुसऱ्या ग्रहावर ढकलला, असं म्हणू नका. जागा बदलली की अटीही बदलतात. त्या काळी पृथ्वीवर कोरडी जमीन किती होती यावरच वाद आहे. मंगळावर उघडी जमीन आणि तळी, दोन्ही होती. कातळफूल यांना हवी तशी जागा.

कातळफूल

निरभ्र, हे मी नाकारत नाही. डबकं मंगळावरचं असलं तरी माझा मुद्दा तोच राहतो.

खोलदर्या

मग माझी अट सांगतो. शुद्ध रसायनं बाटलीतून पायरीपायरीने न घालता, मिसळलेल्या, क्षार असलेल्या खऱ्या झऱ्याच्या पाण्यात, फक्त आटवून आणि भरून, स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए करून दाखवा. मी बाजू बदलेन.

कातळफूल

अट रास्त आहे, आणि ती अजून कुणी पुरी केलेली नाही. माझीही ऐका. २०२० मध्ये तुमच्या बाजूच्या संशोधकांनी लोह-निकेल सल्फाइडची भिंत आणि दोन्हीकडच्या सामूतला फरक वापरून कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट हा साधा सेंद्रिय पदार्थ बनवला. प्रयोग सुंदरच आहे. पण फॉर्मेटमध्ये कार्बनचा अणू एकच, आणि साध्यातल्या साध्या न्यूक्लिओटाइडात नऊ. मधले आठ त्याच भिंतीत, त्याच फरकावर जोडून दाखवा.