इनलेट ४५ अंश कुठून आलं?

मूळ प्रश्न असा: शेल-अँड-ट्यूब हीट एक्स्चेंजरच्या (कवचात नळ्यांचा जुडगा, आतल्या-बाहेरच्या प्रवाहांत उष्णतेची देवाणघेवाण) सॉफ्टवेअरमधल्या प्रवाह-गणनेत आउटलेटचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचं, तापमान जुळत नाही. मेश (गणनेसाठी पाडलेल्या छोट्या सेलची जाळी) बारीक करा म्हणजे जुळेल, असं वर दोघांनी सुचवलंय. करा, पण आधी त्या प्रश्नातलं इनलेट, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचं तापमान, बघा. नागपूरचा मे म्हणून शेल-अँड-ट्यूबचं थंड पाणी ४५ अंशांवर धरलंय. पाणी कूलिंग टॉवरवरून येत असेल तर त्याची मर्यादा वेट बल्ब (बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकतं ते तापमान) ठरवतो, नुसतं हवेचं तापमान नाही. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला वेट बल्ब जेमतेम २४ भरतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्क्यांना २८च्या आसपास. टॉवरची खरी परीक्षा जुलैत. (जुलैत कूलर लावून बसलेल्या नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको.)

आता मेश. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा प्रवाह न सोडवता सूत्राने धरणं) वापरत असाल तर वाय-प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) ३०च्या वर हवा, एसएसटी के-ओमेगाने (खळबळत्या प्रवाहाचं एक मॉडेल) भिंतीपर्यंत सोडवत असाल तर १च्या जवळ. अर्धवट बारीक केलं की पहिली सेल ५ ते ३०च्या पट्ट्यात अडकते आणि उष्णतेचा गुणांक आधीपेक्षा बिघडू शकतो. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) खाली गेले म्हणून उत्तर बरोबर, असं नसतं.

शिवाय सॉफ्टवेअरमधली नळी कायम नवीकोरी असते. नागपूरजवळच्या कोराडीच्या वीजकेंद्राला शहरातल्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं. तशा पाण्यावर फाउलिंगचा (नळीवर साचणाऱ्या थराचा) रोध शून्य ठेवून कसं चालेल? नळीच्या बाजूला डिट्टस-बोल्टरचं सूत्र, शेलला बेल-डेलावेअरची पद्धत लावून उष्णतेच्या गुणांकाचा आकडा हाताने काढा आणि वाय-प्लसच्या पल्ल्यासकट इथे टाका.