जुनी वही कधी बंद करायची?

कृष्णाकाठ
एका दूध संघाची संकलन प्रणाली बनवणाऱ्या टीमचा मी प्रमुख आहे. संघाचं नाव घेत नाही. काम सांगायला सोपं: गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध आलं की वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यंत्रातून थेट प्रणालीत जाणार, दर तिथेच निघणार, उत्पादकाला मोबाईलवर मेसेज आणि दहा दिवसांचं बिल बँक खात्यात.

दोन वर्षं झाली. यंत्रं चालतात, मेसेज जातात. तरी प्रत्येक संस्थेच्या सचिवाच्या टेबलावर लाल कापडी बांधणीची वही आहेच, आणि बिल अजून तिच्यावरूनच निघतं. सचिव रात्री बसून वहीचे आकडे ॲपशी जुळवतो. म्हणजे आम्ही त्याचं काम कमी केलं नाही, दुप्पट केलं.

माझं मत असं की नवीन सुरू होईल त्याच दिवशी जुनं बंद झालं पाहिजे. 'थोडे दिवस दोन्ही चालू दे' म्हणणारा वरिष्ठ बदल घडवत नसतो, तो फक्त उद्घाटनाचा नारळ फोडतो. आमच्याकडे अध्यक्षांनी नारळ फोडला, फेटे बांधले, आणि पुढच्याच महिन्यात मुख्य कार्यालयाच्या हिशेब विभागाने सगळ्या संस्थांना सांगितलं, 'वहीची प्रत पण पाठवा.' खेळ तिथेच संपला. सचिव वेडे नाहीत. साहेबांचा विश्वास कशावर आहे ते त्यांना बरोबर कळतं.

लोक बदलायला तयार नसतात, हे मला पटत नाही. याच सचिवांनी फॅटचं यंत्र आठवड्यात आत्मसात केलं.

लीड्सकर
असहमत. 'त्याच दिवशी जुनं बंद' काय करतं ते मी ग्राहक म्हणून भोगलंय. २०१८ च्या एप्रिलमध्ये टीएसबी या ब्रिटिश बँकेने जुन्या मालकाच्या, लॉइड्सच्या, प्रणालीवरून सगळं नव्या प्रणालीवर एका शनिवार-रविवारी नेलं. बावन्न लाखांवर ग्राहक. माहिती नीट हलली, पण ज्यावर हलली तो डोलारा सोमवारी उभा राहिला नाही. सुमारे १९ लाख लोकांना स्वतःचं खातं उघडता येईना. काहींना दुसऱ्याचंच खातं दिसलं.

सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी गेले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बँकेला ४.८६५ कोटी पौंड दंड झाला. मला मात्र त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते: २०२३ मध्ये तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड झाला. का, तर प्रणाली पुरवणारी कंपनी 'आम्ही तयार आहोत' म्हणाली ते त्याने पुरेसं तपासलं नाही. वही बंद करायचा हुकूम देणाऱ्याच्या खिशाला अशी चाट बसणार असेल, तर मग तुमचं म्हणणं मान्य. आपल्याकडे बसते का?

स्प्रिंटग्रस्त
लीड्सकर, एक दुर्घटना दाखवून जन्मभर दोन वह्या चालवायच्या का? मी बारा वर्षं आयटीत आहे. 'समांतर चालवू' म्हणून सुरू झालेली एकही गोष्ट वेळेवर बंद झालेली पाहिलेली नाही. पावसाळ्यापुरता टाकलेला पत्रा दहा वर्षांनी घराचा भाग होतो, तसं.

मात्र कृष्णाकाठ, तुमची चूक वेगळीच आहे. हिशेब विभाग काय मागतो हे तुमच्या हातात होतं का? नसेल तर तुम्ही प्रमुख कसले, तुम्ही कंत्राटदार. आपल्याकडे प्रॉडक्टवाल्याला बटणाचा रंग ठरवता येतो, पण कोणत्या खात्यात कोण काय तपासणार हे ठरवता येत नाही. आणि तेवढंच ठरवायचं असतं.

निवृत्त रोखपाल
तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म नसेल तेव्हा आमच्याकडे हेच भांडण चालू होतं. बँकांत यंत्रं किती आणि कुठे, याचा करार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात १९८३ साली झाला. बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. आम्ही विरोध केला, होय. नोकरी जाईल ही भीती होती आणि ती बोलून दाखवण्याची लाज वाटली नाही. आजकाल लाज वाटते, म्हणून लोक तोंडावर 'छान आहे' म्हणतात आणि मागे वही ठेवतात.

आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारं, यंत्र आलं तेव्हा हाताचं लेजर लगेच बंद झालं नाही. रोज संध्याकाळी दोन्हींची जुळणी. फरक एका पैशाचाही नको. ओळीने इतके दिवस फरक शून्य आला की शाखाधिकारी सही करायचे आणि लेजर कपाटात. तारीख कोणी ठरवली नव्हती, अट ठरवली होती. तुमच्या संघाने अशी अट कधी लिहून दिली का? नसेल तर सचिवाने वही बंद करायची कशाच्या भरवशावर?

सजा नंबर नऊ
सरकारी माणूस, तलाठी म्हणून लिहितो, त्यामुळे बेतानेच. सातबाऱ्याचं उदाहरण कोणीतरी देणारच, म्हणून आधीच देतो. हस्तलिखित सातबारा बंद करून संगणकीकृत आणला. बाहेरून पाहणाऱ्याला १ मे २०१८ चा डिजिटल सहीचा सातबारा दिसतो. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा घ्या. उत्तम गोष्ट आहे, मी स्वतः सांगतो लोकांना.

पण आतून काय झालं? हस्तलिखितातल्या चुका जशाच्या तशा टाइप झाल्या, वर टाइप करणाऱ्यांच्या नव्या चुका. कुणाचं क्षेत्र जुळेना, कुणाचं नाव कंसात, म्हणजे रद्द. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं, उतारे मोठ्याने वाचले, लोकांनी उभं राहून 'हे चुकलं' सांगितलं. मला तो या सगळ्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण त्यात नवीन काहीच नव्हतं. चावडी होती, माणसं होती. अजूनही जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज येतातच. आणि सर्व्हर दिवसा चालेना तेव्हा काम रात्री दोन वाजता लॅपटॉपवर गेलं. वही बंद झाली म्हणजे वहीतलं काम संपलं असं नसतं. ते कोणाच्या तरी घरी जातं.

ई-पीक पाहणीचंही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानेच शेतात उभं राहून मोबाईलवर फोटोसह पिकाची नोंद करायची. कल्पना चांगली, तलाठ्याने घरबसल्या पिकं लिहायची सोय गेली (हो, लिहायचे काही जण). पण माझ्या सजात (माझ्याकडच्या गावांत) सत्तरीचे शेतकरी शेजारच्या पोराला हाका मारतात. तो पोरगा आता गावचा बिनपगारी तलाठी आहे.

कृष्णाकाठ
रोखपालसाहेब, अट लिहून दिली नव्हती. हे मान्य.

पण एक गोष्ट इथे कोणी बोलत नाहीये. वही ही सचिवाची सत्ता आहे. फॅट ३.८ आली की ३.७ लिहायची, पाव लिटर 'सांडलं' म्हणायचं, हे वहीत जमतं, यंत्रात जमत नाही. उत्पादक बायांना मोबाईलवर खरा आकडा दिसायला लागला तेव्हा तीन गावांत भांडणं झाली. समांतर चालवणं म्हणजे ही पळवाट चालू ठेवणं.

वारणेची लेक
माझे वडील सव्वीस वर्षं दूध संस्थेचे सचिव होते. तुम्ही लिहिलंत तसे सचिव असतात, मी पाहिलेत, त्यांची बाजू घेणार नाही. पण तुम्ही ती वही आतून वाचली आहे का?

अण्णांच्या वहीत फॅट-डिग्रीच्या उजवीकडे पेन्सिलचा एक रकाना असायचा. त्यात उचल. कुणाच्या पोरीचं बाळंतपण, कुणाची म्हैस आटली, कुणाला पेंडीची दोन पोती उधार. संस्थेची अधिकृत कपात वेगळी. ही अण्णांच्या खिशातली, आणि ती बिलातून हळूहळू वळती व्हायची. एका सभासद क्रमांकावर दोन भाऊ दूध घालायचे, वाटण्या झालेल्या पण कागद नाही, म्हणून सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. तेही पेन्सिलने. नवऱ्याच्या नावावर बिल असलं तरी पैसे बाईच्या हातात द्यायचे, अशी एका घरापुढे फुली.

तुमच्या ॲपने बिल थेट बँकेत टाकलं की त्या फुलीचं काय होतं? ते पैसे कुठल्या दुकानात जातात ते गावाला माहीत आहे.

स्प्रिंटग्रस्त
ताई, लिहिलंत छान, पण हे जपायचं म्हणून शेकडो बायांची फॅट कमी लिहिली जाऊ द्यायची? एका चांगल्या अण्णांवर प्रणाली उभी राहत नाही. उचलीचा रकाना ॲपमध्ये टाका, बाईच्या नावाचं खातं उघडा, वही बंद.

वारणेची लेक
खातं उघडा, जरूर. उचल ॲपमध्ये टाकली की ती संघाला दिसणार, पुढे कर्ज देणाऱ्या बँकेलाही दिसणार. मग ती कोण मागायला येईल?

कृष्णाकाठ
हा रकाना मला माहीत नव्हता. दोन वर्षांत एकाही बैठकीत निघाला नाही, कारण बैठका संघाच्या कार्यालयात होत्या आणि सचिवांना बोलावलं होतं ते फक्त प्रशिक्षणाला. यात माझाच दोष आहे. मत मात्र अर्धंच बदललं: वजन आणि फॅटची वही बंद व्हावी, रोखपालसाहेबांसारखी लेखी अट घालून, आणि त्या अटीवर हिशेब विभागाच्या प्रमुखाची सही असावी. पेन्सिलचा रकाना ॲपमध्ये आणायचा की नाही, ते बसून पाहिल्याशिवाय सांगत नाही. पुढच्या आठवड्यात एका संस्थेत जातोय.

वारणेची लेक
जा, पण अकराला गाडीतून उतरू नका. पावणेसहाला जा. साडेसातला टँकर गेला की वही कपाटात जाते.

स्प्रिंटग्रस्त
पैज लावतो, परत येतील ते वहीचा फोटो काढून. पुढच्या दिवाळीलाही दोन्ही चालू असेल.